विनाचुलीचा शिधा



आषाढ-श्रावणात वेदगंगा व दूधगंगा यांच्या काठच्या गृहिणीचे एक लक्ष घरात, तर दुसरे नदीकडे असते. वेदगंगा दूधगंगेस मिळते व दूधगंगा कृष्णेस; कृष्णाच तुडुंब भरली म्हणजे या दोघींचे पाणी ओसरण्यास विलंब लागतो. सन २०१९ च्या ऑगस्टमध्ये व पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये निपाणीजवळ यमगर्णी येथे पुणे-बेंगळूरु महामार्गावर पाणी येऊन वाहतूक थांबली. एवढा मोठा रस्ता जेथे बंद पडतो, तेथे खेड्यात गॅसचे सिलिंडर किंवा दुकानाचा माल कोठून येणार? जळण भिजलेले, वीज गेलेली. आणि मुलांस भूक तर वेळेवर लागणारच.

पुष्कळ घरी तांदूळ व ज्वारीची पोती असतात. परंतु चूल पेटली नाही तर त्यांचा काय उपयोग? म्हणून ज्यास विस्तव लागत नाही असा शिधा वेगळा बांधून ठेवावा.

पाच माणसांचा तीन दिवसांचा हिशेब असा : पातळ पोहे ३ किलो, भाजलेले शेंगदाणे दीड किलो, फुटाणे १ किलो व गूळ १ किलो. यातून दर माणशी दररोज सुमारे पावणेदोन हजार कॅलरी मिळतात. पातळ पोह्यांस पाण्याचा हबकाही पुरतो. सकाळी पोहे व गूळ, दुपारी शेंगांची चटणी लावलेले पोहे व कांदा, रात्री फुटाणे, शेंगदाणे व गूळ असा क्रम ठेवता येईल. आपल्याकडील कडक भाकरी जोडीस असल्यास उत्तमच. लोणचे मात्र बेताने वाढावे. त्याने तहान वाढते.

अन्नाहूनही पाण्याची तजवीज अगोदर हवी. पिणे व हात-तोंड धुणे धरून दर माणशी दररोज ४ लिटर, म्हणजे या कुटुंबास ६० लिटर पाणी लागेल. नदी चढू लागताच पाणी उकळून, गार करून झाकणाच्या भांड्यांत भरावे. पुढे गढूळ पाणी वापरण्याची पाळी आलीच, तर ते फडक्याने गाळून त्यात वेष्टनावरील सूचनेप्रमाणे क्लोरीनची गोळी टाकावी.

लहान मुलांस अख्खे शेंगदाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकतात. कूट करून गुळाबरोबर द्यावे. सहा महिन्यांच्या आतील बाळास आईचे दूधच पुरे. मातेने स्वतः उपाशी राहून इतरांस वाढू नये.

हा शिधा घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून माळ्यावर ठेवावा. घर सोडण्याची सूचना आल्यास डबे व घरातील औषधे बरोबर घ्यावी. पुराचे पाणी ज्या अन्नास लागले ते धुऊन वा वाळवूनही खाऊ नये, टाकून द्यावे. शेंगदाणे खवट होतात, यास्तव दर महिन्यास जुना शिधा घरात वापरून नवा भरावा. म्हणजे काहीच वाया जात नाही.

आणि शेजारी एकटी राहणारी एखादी वृद्धा असेल, तर हिशेब करताना पाचांच्या जागी सहा माणसे धरा. पाणी चढल्यावर तिच्या दारी कोणी पोहोचेल की नाही, हे आज सांगता येत नाही. तिच्या वाटणीचा डबा मात्र आजच तिच्या घरी ठेवता येतो.