डोंगर चढायला कारण कशाला?



आपल्याकडे बाई डोंगर रोज चढते. सरपणासाठी चढते, गुरांमागे चढते, उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी आणायला चढते-उतरते. नवरात्रात देवीला म्हणून चढते, तेव्हा तर घरचे तिला कौतुकानं वाटेला लावतात. यातल्या कुठल्याच चढण्याला कोणाची हरकत नसते. हरकत येते ती, "मला आवडतं म्हणून मी जाणार आहे," एवढंच ती म्हणाली की. मग प्रश्न सुरू होतात. कोणाबरोबर? परत कधी? मुलांच्या जेवणाचं काय? आणि शेवटी, तिथे जाऊन करणार काय?

हुंडा, मारहाण, पोटगी हे प्रश्न समोर असताना एका दिवसाच्या भटकंतीवर संपादकीय कशाला, असं काहींना वाटेल. विषय भटकंतीचा असला तरी मुद्दा वेळेचा आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आली, घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांची ९७. २०२४ मध्ये हेच आकडे २८९ आणि ८८ झाले. बायकांची दहा मिनिटं कमी झाली खरी, पण ती पुरुषांनी उचललेली नाहीत; त्यांचीही नऊ कमीच झाली! बाईचा एक मोकळा दिवस म्हणजे या हिशेबातली थकबाकी आहे. तिला चैन म्हणणारे बहुतेक वेळा देणेकरीच असतात.

कळसूबाईचंच उदाहरण घेऊ. घोटी हे मुंबई-आग्रा रस्त्यावरचं बाजाराचं छोटं गाव. तिथून भंडारदऱ्याच्या रस्त्याला बारी लागतं आणि बारीतून साधारण तीन तासांच्या चढणीनं महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर गाठता येतं. उंची १६४६ मीटर. अवघड कड्यांवर लोखंडी शिड्या आहेत. सकाळी लवकर निघालं तर संध्याकाळी घरी येता येतं. दोराचं कसब लागत नाही. लागतो तो एक दिवस.

या शिखराची आख्यायिका आपण ऐकलेली असते, पण नीट लक्ष देऊन नव्हे. कळसू ही कोळ्यांची मुलगी. एका घरी कामाला राहिली ती अट घालून: भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. एक दिवस घरी पाहुणे आले आणि तिला नेमकी तीच कामं सांगितली गेली. तिनं ती केली, आणि थेट डोंगर गाठला. पुन्हा खाली आली नाही. तिनं भांडी घासली ती जागा थाळेमेळ म्हणून आजही दाखवतात. शब्द मोडला म्हणून काम सोडणारी ही बाई. तिचं आपण देऊळ बांधलं, नवस बोललो. देवी केली, की तिची अट विसरायला मोकळे!

१९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्याच वर्षी १६ मे रोजी जपानच्या जुन्को ताबेई एव्हरेस्टवर पोचल्या. तिथे पोचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री, आणि एका लहान मुलीची आई. मोहिमेसाठी पैसे जमवताना, "त्यापेक्षा मुलं सांभाळा," असं त्यांना ऐकवलं गेलं होतं. १९८४ मध्ये आपल्या बचेंद्री पाल त्याच शिखरावर उभ्या राहिल्या. त्यांचा अभिमान आहेच. पण विक्रम करणाऱ्या बाईला समाज परवानगी देतो ती तिनं विक्रम केल्यावर. ज्या बाईला कसलाच विक्रम करायचा नाही, नुसतं वर बसून वारा खायचा आहे, तिचं काय? तिचा हक्क तेवढाच पक्का असायला हवा.

आणखी एक गोष्ट आपण आपल्यालाही विचारली पाहिजे. आपण सुट्टी म्हणून ज्या वाटेनं चढतो, त्या वाटेवर मोळी घेतलेली बाई उतरत असते. आपल्या पिठलं-भाकरीसाठी बारीतली कोणीतरी पहाटेपासून चुलीपुढे असते. आपली मोकळीक तिच्या पाठीवर उभी राहता कामा नये. जेवणाचे पैसे घासाघीस न करता द्यावेत आणि तिच्याच हातात द्यावेत. वाट दाखवायला गावातली बाई किंवा मुलगी घ्यावी, आणि तिला मजुरी पुरुष वाटाड्याइतकीच मिळावी.

काही मागण्या मात्र सरकारकडेच करायच्या आहेत. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, हे चांगलंच झालं. पण पायथ्याहून परतीची गाडी लवकर निघून जात असेल, तर अर्ध्या तिकिटानं घरी कसं पोचणार? चढणीच्या प्रत्येक गावात बायकांसाठी स्वच्छ, पाणी असलेलं संडास हवं. पाळी आहे, म्हणून कितीजणी घरीच थांबतात! आणि अशी सोय गावातल्या बायकांनाही तितकीच हवी आहे.

आमची सूचना साधी आहे. या हिवाळ्यात प्रत्येक गटानं एक दिवस ठरवावा. कळसूबाई लांब असेल तर गावामागची टेकडी चालेल. परतीच्या गाडीची वेळ आधी विचारून घ्या, दोन-दोन लिटर पाणी घ्या, उजेड असताना उतरा. जिला दम लागतो तिच्या चालीनं सगळ्यांनी चाला. सासू, सून, कामवाली, कॉलेजातली मुलगी, सगळ्याजणी या. स्वयंपाक करून मात्र निघू नका. आदल्या रात्री जागून चार डबे भरून ठेवले, तर तो दिवस मोकळा झाला नाही, फक्त पुढे ढकलला गेला.

आणि कोणी विचारलंच, "कशाला जाता?" तर उत्तर शोधत बसू नका. "सहज," एवढं सांगा आणि चालू लागा.