गांवपळण आणि नागरिकधर्म

आमच्या आचरा गांवीं कांहीं वर्षांच्या अंतरानें गांवपळण होते. श्रीदेव रामेश्वराचा कौल मिळाला कीं ठरल्या दिवशीं लहानथोर सर्व माणसें गुरेंढोरें घेऊन वेशीबाहेर जातात आणि तीन दिवस तीन रात्री राहुट्यांत काढतात. पाठीशीं शिपाई नसतो, दंडाचें भय नसतें. तरी गांव ओस पडतो.

भारताचें संविधान २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलें. नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांचा भाग मात्र त्यांत १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीनें आला. तेव्हां दहा कर्तव्यें सांगितलीं. ६ ते १४ वर्षांच्या पाल्यास शिक्षणाची संधि देण्याचें अकरावें २००२ च्या दुरुस्तीनें जोडलें गेलें. बंधुभाव, अरण्यांचें व नद्यांचें रक्षण, सार्वजनिक मालमत्तेचें जतन हीं त्यांतलींच होत. तीं न पाळणारास कलम ५१क स्वतः कोणतीही शिक्षा सांगत नाहीं.

जेथें शिक्षा नाहीं तेथें कर्तव्यही नाहीं, असें कित्येक समजतात. तसें असतें तर गांवपळण केव्हांच बंद पडली असती! जो गांव एका शब्दाखातर तीन दिवस घरदार सोडतो, त्यास खाडींत कचरा न टाकणें अवघड कां वाटावें? एकानें मोडलेली रीत हळूहळू सर्वांकडून मोडते, हें आपण जाणतोंच. संविधानाचीही गोष्ट तीच.

विद्यार्थिमित्रहो, देवाचा कौल मागावा लागतो. संविधानाचा कौल तर आपण भारताच्या लोकांनीं स्वतःच स्वतःस दिलेला आहे. तो आपणच कसा मोडावा?