'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' – ही पाटी मुलांना वाचायला शिकवा



कुठल्याही बाजारपेठेत जा. दुकान कापडाचं असो, भांड्यांचं असो की चपलांचं, गल्ल्यामागच्या भिंतीवर एक पाटी हमखास दिसते : 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पाटी नसली तर बिलाच्या तळाशी तेच वाक्य बारीक अक्षरांत असतं. आपण ते इतक्या वेळा वाचलंय, की तो जणू कायदाच आहे असं मानून चालतो. मुलंही तेच मानतात. पण तो कायदा नाही, आणि हे त्यांना शाळेत असतानाच कळायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

कायदा काय म्हणतो?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. त्यानुसार सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही 'अनुचित व्यापारी प्रथा' आहे. बिलावर परतीची मुदत छापलेली असेल तर त्या मुदतीत, आणि नसेल तर ३० दिवसांत असा माल परत घ्यावा लागतो. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणजे शिवण उसवलेला गणवेश किंवा पहिल्याच दिवशी गळणारी पाण्याची बाटली घेऊन तुम्ही दुकानात गेलात, तर दुकानदाराला नुसतं पाटीकडे बोट दाखवून चालत नाही.

पण थांबा, याला दुसरी बाजूही आहे. 'घरी आल्यावर रंग आवडला नाही', 'बहिणीने स्वस्तात आणलं' अशा कारणांसाठी माल परत घ्यायचं बंधन कायदा दुकानदारावर घालत नाही. तिथे दुकानाचा नियम चालतो. अनेक दुकानदार चार-आठ दिवसांत माप किंवा रंग बदलून देतात, ती सवलत असते. सदोष वस्तू परत करणं हा हक्क, आणि नावडती वस्तू बदलून मिळणं ही सवलत. एवढा फरक जरी मुलाला कळला, तरी निम्मा धडा झाला म्हणायचा.

आणि नकोशा भेटी?

अमेरिकेत नाताळ झाला की भेटवस्तू परत करायला दुकानांत गर्दी उसळते. भेटीसोबत किंमत न छापलेली वेगळी पावती द्यायचीही तिथे पद्धत आहे. आपल्याकडे काय होतं? लग्नात आलेली चार भिंतीवरची घड्याळं आणि तीन लेमन सेट कपाटावर चढतात, आणि पुढच्या लग्नसराईत कागद बदलून निघतात! 'द्यायच्या-घ्यायच्या साड्या' तर घरोघरी वेगळ्याच ठेवलेल्या असतात.

मला यात फारसं गैर वाटत नाही. वस्तू चांगली असेल आणि घेणाऱ्याच्या उपयोगी पडणार असेल, तर जरूर द्यावी. गैर आहे ते आपल्याला नको म्हणून टाकाऊ वस्तू दुसऱ्याच्या गळ्यात मारणं. मुलाच्या वाढदिवसाला दोन सारख्याच कंपासपेट्या आल्या, तर एक कुणाला द्यायची हे त्यालाच ठरवू द्या. आणि भेट देताना 'बिल ठेवलंय हो, माप बसलं नाही तर सांगा, बदलून आणू' असं म्हणायला आपण का लाजतो? त्यात कसला आलाय कमीपणा?

हुशारी की खोटेपणा?

आता थोडं कडू बोलतो. स्नेहसंमेलनासाठी ड्रेस आणायचा, टॅग आत दडवून मुलीला घालायचा आणि दुसऱ्या दिवशी 'बसत नाही' म्हणून परत करायचा, याला काही घरांत 'हुशारी' म्हणतात. ती मुलगी सगळं बघत असते. वापरलेला ड्रेस एक तर दुकानदाराच्या नुकसानीत जातो, नाहीतर नवा म्हणून दुसऱ्या कुणाच्या माथी मारला जातो. शाळेत प्रामाणिकपणावर आपण कितीही निबंध लिहून घेतले, तरी या एका प्रसंगापुढे ते फिके पडतात. हक्कासाठी दुकानदाराशी ठामपणे बोलणारे आई-बाबा मुलांना दिसायला हवेत, आणि तेच आई-बाबा खोटं बोलायला नकार देतानाही दिसायला हवेत.

वर्गात काय करता येईल?

१. सदोष पुस्तकं मिळाल्याचं तक्रारपत्र आपण वर्षानुवर्षं लिहून घेत आलोय. या वेळी मुलांना घरातलं खरं बिल आणायला सांगा. बिल क्रमांक, तारीख, वस्तू, दोष, आपली मागणी, हे सगळं त्यावरून लिहू द्या.

२. एकाला दुकानदार करा, दुसऱ्याला ग्राहक. आवाज न चढवता आपलं म्हणणं मांडायचा सराव होऊ द्या. नंतर भूमिका बदला, म्हणजे दुकानदाराची अडचणही कळेल.

३. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फळ्यावर लिहा. दुकानदाराने ऐकलंच नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे शुल्क लागत नाही, हेही सांगा.

४. २४ डिसेंबरच्या राष्ट्रीय ग्राहक दिनाला नुसती भाषणं नकोत. ही पत्रं आणि बिलं मांडून छोटं प्रदर्शन भरवा.

पालकहो, तुमच्यासाठी एकच गृहपाठ. पुढच्या खरेदीला मुलाला सोबत न्या, बिल मागायचं आणि जपून ठेवायचं काम त्याच्याकडे द्या. वस्तू खराब निघालीच, तर 'जाऊ दे, शंभर रुपयांसाठी कोण भांडत बसणार' असं त्याच्यासमोर म्हणू नका. प्रश्न शंभर रुपयांचा नसतो. अन्याय झाला की गप्प बसायचं की सभ्यपणे बोलायचं, हे मूल तिथेच शिकत असतं.