चौदा तासांचे खोटे

मंडळी, आपण सगळेच एक खोटे बोलतो. "काळजी करू नकोस आई, चौदा तासांत येतो." न्यूअर्क ते मुंबई सुमारे १२,५०० किलोमीटर. थेट विमान चौदा-पंधरा तास हवेत असते, हे खरे. (परतताना समोरून वारा, म्हणून एखाद-दीड तास जास्तच.) पण माझी आई मुंबई विमानतळावर राहत नाही, सांगलीला राहते!

२०२३ साली दादाचा फोन आला, "बाबा गेले." थेट विमानात जागा नव्हती. दोहामार्गे तिकीट मिळाले, तिथे सहा तास बसलो. मग मुंबईत इमिग्रेशन, सामान, टॅक्सी, घाट. दारात पाऊल ठेवले तेव्हा एक्केचाळीस तास झाले होते. तोवर बाबा बर्फाच्या पेटीत आणि आई उपाशी. कशासाठी? मी चौदा तास म्हणत आलो होतो म्हणून.

"आता नॉनस्टॉप आहे की!" म्हणणाऱ्यांनी २०२२ आठवावे. रशियाचे आकाश बंद झाले आणि अमेरिकी कंपन्यांची भारताकडची काही विमाने थांबलीच. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना आकाश बंद केले.

तेव्हा घरी खरा आकडा सांगा: दीड ते दोन दिवस. अमेरिकन पासपोर्टवाल्यांनी ओसीआय कार्ड कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते आजच बघावे. आणि "माझ्यासाठी थांबू नका" हे सगळे धडधाकट असतानाच सांगून टाका. मी यंदा दादाला सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आईला तूच सांग."