धुऱ्यावरची नीतिसूत्रे

मराठी ख्रिस्ती घरात भिंतीवर बायबलमधले एखादे तरी वचन असतेच, आणि बहुतेक वेळा ते नीतिसूत्रांच्या तिसऱ्या अध्यायातले पाचवे-सहावे असते. आपल्या अकलेवर विसंबू नये, देवावर मनापासून भरवसा ठेवावा, म्हणजे तो पुढची वाट नीट करतो, असा त्याचा आशय. गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ते मी पाहिले आहे, इथे परदेशात मित्रांच्या बैठकीच्या खोलीतही पाहिले आहे. मुलाची परीक्षा, व्हिसाची मुलाखत, शस्त्रक्रिया, अशा प्रत्येक प्रसंगी तेच वचन फोनवर येते. त्याच अध्यायात थोडे खाली उतरा. सत्ताविसाव्या-अठ्ठाविसाव्या वचनात सांगितले आहे की ज्याचे देणे लागतो त्याला ते हातात असताना अडवू नये, आणि जवळ असूनही शेजाऱ्याला उद्यावर ढकलू नये. हे वचन मी आजवर एकाही दिनदर्शिकेवर पाहिलेले नाही.

माझे भांडण या निवडीशी आहे. पहिले वचन माझ्यासाठी काही मागते, दुसरे माझ्याकडून काही मागते. पहिले आपण चौकटीत घातले, दुसरे पानात राहिले. असे करता करता नीतिसूत्रांचे पुस्तक आपल्या भरभराटीची हमी बनले. मुळात त्यातला मोठा भाग माझ्यामुळे दुसऱ्याचे काय होते याविषयी आहे. ख्रिस्ती जीवनात नीतिसूत्रे उतरवायची तर सुरुवात आपण ज्यांचे देणे लागतो त्यांच्यापासून करायला हवी.

हे पुस्तक मला गोंदिया जिल्ह्यात नीट वाचता येते. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा. तलाव, बांध्या, राइस मिल आणि तेंदूपत्ता यांवर इथली घरे चालतात. नीतिसूत्रांत जे विषय पुन्हा पुन्हा येतात ते पाहा: खोटा तराजू, सरकवलेली शेताची हद्द, भाव वाढायची वाट पाहत दाबून ठेवलेले धान्य, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहणे, सावकाराची गुलामी, दारू, कापणीच्या दिवसांत झोपणारा मुलगा. यातले काहीही आमगाव किंवा अर्जुनी मोरगावच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पुस्तकाला शलमोन राजाचे नाव असले तरी त्यातली माणसे शेतात, बाजारात आणि वेशीपाशीच भेटतात.

तराजूचे घ्या. शासकीय आधारभूत केंद्रावर धानाचा ओलावा सतरा टक्क्यांपर्यंत चालतो. मोजणारे यंत्र असते, पोते साधारण चाळीस किलोचे भरतात, चुकारे बँकेत जमा होतात. पण चुकारे लांबले, बारदाना संपला, केंद्र उशिरा उघडले की ज्याला घरी पैसा हवा तो शेतकरी खाजगी व्यापाऱ्याच्या अंगणात जातो. अशा एका अंगणात मी उभा होतो. व्यापाऱ्याने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर धान तळव्यावर घेऊन चोळले आणि यंत्रात टाकले. यंत्राचे तोंड त्याच्याकडे होते. आकडा त्याने वाचला, कडता, म्हणजे वजनातली कपात, त्याने ठरवला, आणि शेतकऱ्याने ‘बरं’ म्हटले, कारण भरलेला ट्रॅक्टर परत न्यायला डिझेल लागते. कुणी आवाज चढवला नाही. देवाला खोट्या तराजूचा वीट येतो असे जे पुस्तक सांगते, ते या शांत ‘बरं’बद्दल बोलते असे मला तेव्हा वाटले. तराजूच्या काट्यात खोट नव्हती, आकडा कुणी वाचायचा यात होती.

आपल्यातले बहुतेक लोक म्हणतील, आम्ही काही धान तोलत नाही. खरे आहे. विदर्भातला ख्रिस्ती समाज लहान. रेल्वे, शाळा, दवाखाना अशा पगारी नोकऱ्यांवर तो उभा राहिला. हातात तराजू नसल्यामुळे ही वचने आपल्याला लागू नाहीत, असे आपण नकळत धरून चाललो. पण परदेशातल्या आपल्या घरांत स्वच्छतेला बाई येते, आईवडिलांकडे गावी रात्रंदिवसाची आया असते, डब्याला कुणीतरी असते. तिचे तास कोण लिहितो? गावाकडून आयाने उचल मागितली की ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे कोण म्हणतो? ती पैसे मागायला लाजते आणि आपण त्या लाजेवर आठवडा काढतो. अठ्ठाविसाव्या वचनातला ‘उद्या’ हाच आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो भाविकांकडूनच येतो. ख्रिस्ताचे डोंगरावरील प्रवचन हाती असताना शलमोनाच्या जुन्या व्यवहारी सूत्रांत कशाला अडकायचे? हा प्रश्न मराठी माणसाने विचारणे स्वाभाविक आहे, कारण आपल्याकडची ख्रिस्ती भक्ती त्या प्रवचनापासूनच फुलली. १८९३ मध्ये कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ भेटला, कवितेवर बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्याने टिळकांना बायबलची प्रत दिली. तो लोहमार्ग तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा असा जातो. पुढे वाचताना टिळक मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तिथून त्यांची सुटका झाली नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आजही आपल्या उपासनेत भजने आहेत ती मोठ्या प्रमाणात त्यांच्यामुळे. आमच्या जिल्ह्यातून गेलेल्या त्या गाडीचा मला मनापासून अभिमान आहे.

पण प्रवचन करणारा ख्रिस्त नीतिसूत्रांवरच वाढलेला होता. मेजवानीत मानाच्या जागी आपणहून बसू नये, हे त्याने सांगितले त्याची मुळे नीतिसूत्रांच्या पंचविसाव्या अध्यायात आहेत. भुकेल्या वैऱ्याला जेवू घालावे, हेही त्याच अध्यायात आहे, आणि पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात ते उचलले आहे. म्हणजे शत्रूवर प्रेम करायला शिकवणाऱ्या परंपरेने आधी शेजाऱ्याची मजुरी वेळेवर द्यायला शिकवले होते. खालची पायरी गाळून वरच्या पायरीवर उभे राहता येत नाही. ज्याने मोलकरणीचे पैसे थकवले आहेत त्याने वैऱ्यावरच्या प्रेमाची साक्ष मंडळीत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतः टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यांचे प्रवचन हिशोबाच्या वहीपर्यंत पोचले होते.

आता धुऱ्याकडे, म्हणजे शेताच्या हद्दीच्या बांधाकडे, येतो. माझ्या मते या पुस्तकातली सर्वांत धारदार आज्ञा त्याविषयीची आहे, आणि आपण परदेशस्थ मराठी लोक सर्वांत जास्त मोडतो तीही तीच.

पूर्वजांनी घातलेली हद्दीची खूण सरकवू नये आणि पोरक्या मुलांच्या शेतात शिरू नये, असे बाविसाव्या-तेविसाव्या अध्यायांत आहे. ही शिकवण नीतिसूत्रांच्याही आधीची. आमेनेमोपे नावाच्या मिसरी लेखकाचा उपदेशग्रंथ एका पपायरसवर मिळाला. तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि १९२३ साली प्रसिद्ध झाला. पुढच्याच वर्षी एर्मान या जर्मन अभ्यासकाने दाखवून दिले की नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायापासूनचा एक भाग या ग्रंथाशी अगदी जवळचे नाते सांगतो. विधवेच्या शेताची हद्द खाऊ नये, हे तिथेही आहे. नाईलचा पूर दरवर्षी शेतांच्या खुणा पुसायचा, त्यामुळे तिथे हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहत असणार. काही पाळकांना ही माहिती अडचणीची वाटते. मला ती आनंदाची वाटते. पवित्र शास्त्राने शेजारच्या देशातले खरे बोल आदराने घरात घेतले, म्हणून तुकोबांच्या मुलखातल्या माणसाला या पुस्तकात परके वाटत नाही.

गोंदियात धुरा एका रात्रीत सरकत नाही. नांगरताना वीतभर कोरायचा, पुढच्या वर्षी आणखी वीतभर. बांधीच्या पारेवर तूर लावलेली असते, ती एका वर्षी आपल्या बाजूला झुकलेली दिसते, नंतर आपलीच होते. शेजारी भांडला तर मोजणीचा अर्ज, भूमी अभिलेखचे कर्मचारी, दगड, पुन्हा भांडण. हे सगळे गावकऱ्यांना माहीत आहे आणि त्याला ते चोरीच म्हणतात.

पण एक धुरा सही करून सरकवला जातो, आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. बाप जातो. फेरफार होतो, सातबाऱ्यावर सगळ्या मुलांची नावे चढतात. मग भाऊ बहिणींना बोलावतात, जेवण होते, नवी साडी दिली जाते, आणि दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात हक्कसोडपत्रावर बहिणींच्या सह्या होतात. जी बहीण परदेशात आहे तिच्याकडून वकिलातीत साक्षांकित केलेले मुखत्यारपत्र मागवले जाते. आपल्यातल्या किती जणींनी असा कागद पाठवला आहे, आणि किती जणांनी मागवला आहे, हे ज्याने त्याने मनाशी आठवावे.

ख्रिस्ती कुटुंबात हे घडते तेव्हा तर कसलाच आडोसा उरत नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यात मृत्युपत्र नसेल तर मुलगा आणि मुलगी यांच्या वाट्यात फरक नाही. विधवेला एक तृतीयांश, उरलेले मुलांना सारखे. केरळच्या मेरी रॉय यांना तोच हक्क मिळवायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि १९८६ मध्ये निकाल लागला, कारण त्रावणकोरात जुना कायदा चालत होता. आपल्याकडे तसा अडथळाही नव्हता. कायदा बाजूने, शास्त्र बाजूने, तरी बहीण सही करते, कारण न केली तर माहेर तुटेल अशी तिला भीती असते. ‘तिने खुशीने दिले’ हे मी अनेकदा ऐकले आहे. ज्या खुशीला नकाराची मोकळीक नाही तिला मी खुशी मानत नाही.

आणि याच घरांत मदर्स डेला नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो! त्यातली गृहिणी पहाटे उठते, घर चालवते, सूत कातते, एवढे आपण मोठ्याने वाचतो. तीच बाई स्वतः शेत पाहते, पारखते आणि स्वतःच्या कमाईतून मळा लावते. त्याच अध्यायाच्या सुरुवातीला एक आई आपल्या राजा असलेल्या मुलाला, ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी तोंड उघड, असे बजावते. शेत पारखणाऱ्या बाईचे कौतुक करायचे आणि सख्ख्या बहिणीचे शेत कागदाने काढून घ्यायचे, या दोन गोष्टी एका छपराखाली कशा नांदतात हे मला उमगत नाही.

मेहनती माणूस श्रीमंत होतो, आळशी भिकेला लागतो, हे सूत्र मात्र सगळ्यांना पाठ असते. परदेशात स्थिरावलेल्या आपल्या लोकांना ते फार आवडते, कारण त्यात आपले यश कष्टाच्या खात्यावर जमा होते. जुलै-ऑगस्टमध्ये गोंदियाच्या कोणत्याही बांधीकडे पाहा. चिखलात पोटऱ्यांपर्यंत उतरलेल्या बाया, पाठ वाकलेली, डोक्यावर मेणकापड, हातात पऱ्ह्यांची जुडी, मागे मागे सरकत रोवणी चाललेली. त्या आळशी आहेत म्हणून गरीब आहेत का? नीतिसूत्रांचा लेखक असे म्हणत नाही. तेराव्या अध्यायात त्याने लिहून ठेवले आहे की गरिबाच्या जमिनीत भरपूर पिकू शकते, पण अन्याय ते वाहून नेतो. मुंगीकडे जा असे तो ज्याला सांगतो तो अंथरुणात लोळणारा आहे, रोवणीतली बाई नव्हे. एक वचन तोडून गरिबाच्या अंगावर फेकायचे आणि त्याच पुस्तकातले दुसरे झाकायचे, हा शास्त्राचा गैरवापर आहे.

मुलांना छडीने वळण लावण्याची वचनेही या पुस्तकात आहेत. मी ती पाळत नाही, आणि मुलांना जवळ घेणाऱ्या ख्रिस्ताकडे पाहून पाळत नाही. प्रत्येक सूत्र प्रत्येक प्रसंगाला लावायचे नसते, हे पुस्तकालाही ठाऊक आहे. मूर्खाला उत्तर देऊ नको आणि मूर्खाला उत्तर दे, या दोन्ही सूचना त्यात लागोपाठ दिल्या आहेत. कधी काय, हे ओळखण्याची जबाबदारी वाचणाऱ्याची.

या दिवाळीत मंडईच्या जत्रांच्या दिवसांत गावी जाणाऱ्यांना माझी विनंती आहे. हक्कसोडपत्राचा मसुदा तयार असेल तर तो बहिणीला आधी वाचायला द्या, जमिनीचा आजचा भाव सांगा, आणि तिने नाही म्हटले तरी भाऊबीज तशीच होईल हे भावांनी आधी बोलून दाखवा. माझ्या आईच्या माहेरी एका मावशीने सही नाकारली. नाव सातबाऱ्यावर राहिले. आता हंगामात धानाची ऑनलाइन नोंदणी करायची तर भावाला तिचे संमतीपत्र लागते. तो ते मागायला तिच्या घरी जातो, ती चहा करते, यंदा किती पिकले, किती पोती झाली, मजुरी कुणाची राहिली, हे विचारते, आणि मग सही करते. चुकारे जमा झाले की तिच्या वाट्याची रक्कम तो त्याच आठवड्यात तिच्या खात्यात टाकतो.