बॅटरीचे तापणे : केवळ रोधाचा प्रश्न नव्हे



विद्युत वाहनांवरील मागील अंकातील लेखात बॅटरी तापण्याचे कारण अंतर्गत रोध एवढेच सांगून जोराचा पंखा हा उपाय सुचवला आहे. हे निदान अपुरे आणि उपाय दिशाभूल करणारा आहे. जॉन न्यूमन व सहकाऱ्यांनी १९८५ साली मांडलेल्या ऊर्जा-समतोलाच्या समीकरणात रोधजन्य उष्णतेबरोबर अभिक्रियेच्या एन्ट्रॉपीतील बदलामुळे बाहेर पडणारी किंवा शोषली जाणारी उष्णताही धरलेली आहे, आणि म्हणूनच संथपणे चार्ज होणारा सेल काही टप्प्यांत किंचित थंडही होऊ शकतो.

१८ मिमी व्यासाच्या, ६५ मिमी लांबीच्या परिचित सेलमध्ये तांबे आणि ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर लेपलेले इलेक्ट्रोड, मधल्या सच्छिद्र पडद्यासह, घट्ट गुंडाळलेले असतात. या पत्र्यांवरून उष्णता सेलच्या टोकांकडे सहज वाहते, परंतु बाजूच्या पृष्ठभागाकडे येताना तिला एकेक थर ओलांडावा लागतो, त्यामुळे वारा घालून पृष्ठभाग निवला तरी गाभा तापलेलाच राहतो.

वस्तुमानवहनाचा, म्हणजे लिथियम आयनांच्या स्थलांतराचा, तर लेखात उल्लेखही नाही. चार्जिंगच्या वेळी आयन ऋण इलेक्ट्रोडमधील ग्रॅफाइटच्या कणांत विसरणाने, म्हणजे दाट भागाकडून विरळ भागाकडे सरकत, शिरतात. थंडीत ही गती मंदावते, आणि तशाही स्थितीत मोठा प्रवाह रेटल्यास लिथियम कणांवर धातुरूपाने साचून बॅटरीची क्षमता कायमची घटते. थंड हवामानात जलद चार्जिंगपूर्वी अनेक वाहनांत बॅटरी मुद्दाम गरम केली जाते, ती याच कारणाने. केवळ थंडाव्याचा पुरस्कार करणाऱ्या लेखात ही बाब यायलाच हवी होती.