परीक्षा राज्याचीच कशाला?

अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या परीक्षांचा विषय निघाला की एक सवाल हमखास पुढे येतो : राज्याची एकच परीक्षा नसेल, तर कोणती शाळा खरोखर शिकवते आणि कोणती नुसती भरते, हे कळणार कसे? सवाल रास्त आहे. पण तो विचारणारे त्याचे उत्तर आधीच ठरवून बसलेले असतात, आणि ते उत्तर रास्त नाही.

तिथले शालेय जिल्हे म्हणजे आपले महसुली जिल्हे नव्हेत. बहुतेक ठिकाणी त्यांचे मंडळ लोकांनी निवडून दिलेले असते, खर्चाचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो, शिक्षकही तेच नेमतात. या कारभारावर २००२च्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने एक साचा बसवला. तिसरी ते आठवी दरवर्षी आणि हायस्कुलात एकदा, वाचन आणि गणित या विषयांत राज्याची परीक्षा. २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण व्हावीत, असेही त्यात होते. शंभर टक्के! वर्गात एक दिवस उभा राहिलेला माणूस असे लिहिणार नाही. २०१५च्या नव्या कायद्याने हे उद्दिष्ट गुंडाळले, पण दरवर्षीची परीक्षा कायम ठेवली.

माझे म्हणणे असे की, ज्या जिल्ह्यांना या परीक्षेऐवजी मूल्यमापनाची स्वतःची पद्धत वापरायची आहे, त्यांना ती मुभा द्यावी. अट एकच : गुण बाहेरच्यांनी पडताळलेले असावेत.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप सरकारी बाबूंचा नाही, नागरी हक्क चळवळीचा आहे. पालकांनी मुलांना परीक्षेला न बसवण्याची लाट आली, तेव्हा २०१५ मध्ये बारा नागरी हक्क संघटनांनी तिला जाहीर विरोध केला. कृष्णवर्णीय, लॅटिनो, अपंग मुले मागे पडत आहेत हे आकड्यांनी दिसले नाही, तर शाळा त्यांना पुन्हा झाकून ठेवतील, ही त्यांची भीती. तिला इतिहास आहे. ती हसण्यावारी नेणाऱ्यांशी माझे जमत नाही. पण ही दरी मोजायला प्रत्येक मुलाला दरवर्षी तासन्‌तास बसवावे लागते का? ‘नेप’ नावाची राष्ट्रीय चाचणी १९६९पासून नमुना पद्धतीने चालते. काही शाळांतली काही मुले, प्रत्येकाला प्रश्नांचा एक तुकडाच. तिच्या निकालावर कोणाची नोकरी जात नाही, म्हणून तो फुगवण्याचा मोहही कोणाला होत नाही. वांशिक दरी तिने २००२च्या कायद्याच्या कितीतरी आधी दाखवली होती. व्यवस्था कुठे कमी पडते हे नमुन्यावरून कळते. समोरच्या मुलाला अपूर्णांक का जमत नाहीत, हे वसंत ऋतूत घेतलेल्या आणि बहुधा वर्ग बदलण्याच्या सुमारास निकाल लागणाऱ्या परीक्षेवरून कळत नाही. एका कागदाकडून ही दोन्ही कामे मागितली, आणि दुसरे झालेच नाही.

झाले ते वेगळेच. सेंटर ऑन एज्युकेशन पॉलिसीच्या २००७च्या पाहणीत ६२ टक्के जिल्ह्यांनी प्राथमिक वर्गांत भाषा-गणिताचा वेळ वाढवल्याचे सांगितले आणि ४४ टक्क्यांनी इतर विषयांचा किंवा मधल्या सुट्टीसारख्या गोष्टींचा वेळ कापल्याचे. विज्ञान, इतिहास, चित्रकला, खेळणे; जे मोजले जात नव्हते ते आक्रसले.

दुसरा आक्षेप मराठी वाचकाच्या ओठांवर असणारच. कुंपणानेच शेत खाल्ले तर? शाळेच्या हाती गुण दिले की ते वाटले जातात, याचा पुरावा आपल्याच घरात आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्राच्या दहावीला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेने द्यायचे वीस गुण काढून घेतले आणि निकाल आदल्या वर्षीच्या ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. पुढच्या वर्षी ते गुण परत आले, निकाल ९५.३० वर गेला. हा दाखला मी नाकारत नाही. मात्र तो नीट वाचावा. ते वीस गुण दुसऱ्या शाळेच्या शिक्षकासमोर सिद्ध करावे लागत नव्हते. दोष तिथे होता, गुण शाळेने दिले यात नव्हता. आणि केंद्रीय परीक्षा कुंपणाच्या पलीकडची असते, हा तर निव्वळ भ्रम. अटलांटात राज्याच्याच परीक्षेच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनी खोडून दुरुस्त केल्या. २०११च्या चौकशीत ४४ शाळांतले १७८ शिक्षक-मुख्याध्यापक अडकले. समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७०च्या दशकातच बजावले होते : एखाद्या आकड्यावर जितके निर्णय टांगाल, तितका तो आकडा सडेल. राज्येही काही सोवळी राहिली नाहीत. उत्तीर्णतेची रेषा प्रत्येकाने आपापली आखली आणि अनेकांनी ती सोयीस्कर खाली ठेवली.

आता नुसते खंडन पुरे. पर्याय चालतो का? नेब्रास्काने तो राज्यभर चालवून पाहिला. २००१ ते २००९च्या दरम्यान तिथे ‘स्टार्स’ नावाची व्यवस्था होती. चाचण्या जिल्ह्यांनी, म्हणजे शिक्षकांनीच, तयार करायच्या. त्या राज्याच्या अभ्यासक्रमाशी जुळतात का, पक्षपाती नाहीत ना, मुलांना त्या विषयाची शिकण्याची संधी मिळाली होती का, गुण देण्यात सातत्य आहे का, अशा सहा निकषांवर बाहेरच्या तज्ज्ञांनी त्या तपासायच्या. लेखनाची एक परीक्षा मात्र राज्यभर सारखी. ‘स्टार्स’चे प्रवर्तक राज्याचे शिक्षण आयुक्त डग क्रिस्टेन्सन. वॉशिंग्टनला ही व्यवस्था पचली नाही. अखेर २००८ मध्ये राज्याच्या विधिमंडळानेच सामायिक परीक्षांचा कायदा केला आणि क्रिस्टेन्सन यांनी पद सोडले. प्रयोग फसला असे म्हणणाऱ्यांनी हा क्रम विसरू नये : मुले शिकली नाहीत म्हणून तो थांबला नाही, तुलनेचा एक तक्ता हवा होता म्हणून थांबवला गेला.

न्यूयॉर्कमध्ये मात्र तो टिकला. ‘परफॉर्मन्स स्टँडर्ड्स कन्सोर्टियम’मधल्या तीसहून अधिक हायस्कुलांना १९९०च्या दशकापासून राज्याच्या रीजेंट्स परीक्षांतून सूट आहे, इंग्रजीची तेवढी सोडून. त्याऐवजी विद्यार्थी चार कामे करतो : साहित्यकृतीवर विश्लेषक निबंध, इतिहास-समाजशास्त्राचा शोधनिबंध, स्वतः आखलेला विज्ञानप्रयोग आणि वरच्या पातळीचे गणित. मग बाहेरची माणसेही असलेल्या समितीपुढे बसून तोंडी उत्तरे द्यायची. गुणदानाचे निकष सगळ्या शाळांना समान. पाठांतराने निभावणारे हे प्रकरण नव्हे. आपल्याकडच्या ‘प्रकल्प वही’शी याचा संबंध जोडू नये, ती दुकानात तयार मिळते.

व्हरमाँटचा दाखला देऊन कोणी म्हणेल की गुणांत मेळ राहत नाही. खरे आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे मुलांच्या कामांच्या संचिका तपासल्या, तेव्हा एकाच संचिकेला दोन परीक्षकांनी दिलेले गुण फारसे जुळत नव्हते, हे डॅनियल कोरेट्झ आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. पण तिथे प्रत्येक शिक्षकाची कामे वेगळी होती. न्यू हॅम्पशायरने त्यातून धडा घेतला. २०१५ मध्ये केंद्राच्या परवानगीने सुरू झालेल्या ‘पेस’मध्ये चार जिल्ह्यांनी काही कामे समान ठेवली आणि ती एकमेकांच्या शिक्षकांकडून तपासून घेतली.

वेळेचा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. नेब्रास्कातले शिक्षक कामाच्या ओझ्याने वाकले होते. चाचण्या बनवणे, तपासणे, पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घेणे याला पगारी दिवस लागतात आणि यंत्रावर तपासलेल्या उत्तरपत्रिकेपेक्षा ते महाग पडते. म्हणूनच मी सक्ती मागत नाही, मुभा मागतो. ज्या जिल्ह्याची ऐपत वा इच्छा नाही, त्याने राज्याची परीक्षा खुशाल घ्यावी.

आणि मुभा म्हणजे मोकळे रान नव्हे, हे माझ्याच बाजूच्या मंडळींना सांगायला हवे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मतदारांनी सुमारे ५९ टक्के मतांनी हायस्कूल पदवीसाठीची राज्य-परीक्षेची अट काढून टाकली. विजयसभा झाल्या. पण पदवीपुरते पाहता आता तिथे विद्यार्थी तयार झाला असे प्रमाणित करणारा जिल्हाच, आणि त्याला शिकवणाराही जिल्हाच. शेजारच्या जिल्ह्यातला शिक्षक ते काम उघडून पाहणार नसेल, तर महाराष्ट्रातले ते वीस गुण तिथेही पोहोचायला वेळ लागणार नाही.